डबा चालू, पडदा काळा

"ताई, डबा चालू होतोय, पंखाबी फिरतोय, पण म्होरं कायच यीना झालंय."

फोनवर पलीकडे कुणातरी अडत्याचे दिवाणजी असतात. तारीख १९ असते. २० ला जीएसटीचा थ्री-बी भरायचा असतो आणि महिनाभर निमूट चाललेला कॉम्प्युटर नेमका आज रुसलेला असतो. माझा प्रश्न ठरलेला आहे, २३ वर्षांत बदललेला नाही: "कुठवर आला?"

कोल्हापूरहून एसटीनं सांगलीला निघालेल्या पाहुण्याला आपण फोनवर हेच विचारतो. हातकणंगले म्हणाला तर अजून अवकाश आहे. जयसिंगपूर म्हणाला तर भाजी चिरायला घ्यायची. अंकलीचा पूल ओलांडला म्हणाला की भाकरी थापायला लागायचं. कॉम्प्युटरही असाच थांबे घेत येतो. आधी वीज येते, मग बोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्याला जोडलेले असतात तो मदरबोर्ड, हा प्रोसेसर, रॅम आणि डिस्प्ले चाचपून बघतो, मग पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटतं, मग डिस्कचा शोध, आणि सगळ्यात शेवटी विंडोज. पाहुणा जयसिंगपुरात अडकलाय हे कळल्यावर कोल्हापूरच्या स्टँडवर शोधायला कुणी जात नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र लोक रोज तेच करतात. मशीन बिचारं रॅमवर अडकलेलं असतं आणि कुणीतरी "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारा" सांगून मोकळं होतं.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान सांगलीत, मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत. माझ्याकडे येणाऱ्या मशिन्सपैकी निम्मी आतून पिवळी असतात. हळदीचे सौदे चालू झाले की फेब्रुवारी-मार्चमध्ये यार्डातली हवाच पिवळी होते, आणि कॅबिनेटचा पंखा ती दिवसभर आत ओढत असतो. पुढं जे सांगतेय ते बहुतेक या पिवळ्या डब्यांनी शिकवलेलं आहे. लॅपटॉपचा विषय वेगळा, तो इथं नाही.

कुठवर आला, ते असं ओळखायचं

बटण दाबून दोन मिनिटं नुसतं बघत बसा. हात लावू नका.

लाइट लागली, पंखे फिरले, पण पडदा ठार काळा, चिन्हसुद्धा नाही, तर गाडी हातकणंगल्याच्या अलीकडेच आहे. रॅम, वीज, बोर्ड किंवा नुसती मॉनिटरची केबल. विंडोजचा इथं काहीएक संबंध नाही, तिची पाळीच आलेली नाही.

चिन्ह आलं आणि मग काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'नो बूटेबल डिव्हाइस', 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' असलं काही आलं, तर बोर्ड आणि रॅम बहुधा ठीक आहेत. डिस्क सापडत नाही किंवा चुकीच्या ठिकाणी शोधली जातेय.

गोल ठिपके फिरायला लागले आणि मग निळा पडदा आला, किंवा 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर' म्हणत मशीन पुन्हा पुन्हा चालू-बंद होऊ लागलं, तर गाडी अंकलीच्या पुलापर्यंत पोचलेली आहे. आता विंडोजबद्दल बोलायला हरकत नाही.

पडदा काळाच असेल तर एक छोटी युक्ती. कीबोर्डवरचं नम लॉक दाबून बघा. त्याची लाइट लागते-विझते का? विझत असेल तर मशीन आत जिवंत आहे आणि फक्त तोंड दाखवत नाहीये. लाइट जागची हलत नसेल तर ते तपासणीतच अडकलंय. एवढं फोनवर सांगितलंत तरी मला कळतं की येताना पिशवीत काय टाकायचं.

झाकण उघडण्याआधी

दरवर्षी खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी माझा फोन थांबत नाही. आदल्या दिवशी टेबल पुसलेलं असतं, सगळ्या वायरी काढून पुन्हा लावलेल्या असतात, डब्याला हळद-कुंकू वाहिलेलं असतं, हार घातलेला असतो आणि नारळ फोडून पाणी शिंपडलेलं असतं. पूजा करावीच, मीही माझ्या स्क्रू ड्रायव्हरची करते. पण हार पंख्याच्या जाळीवर नको, कुंकू यूएसबीच्या भोकात नको, आणि नारळाचं पाणी डब्यापासून हातभर लांब.

अशा दिवशी निम्मी दुरुस्ती मागच्या बाजूलाच होते. मॉनिटरची वायर चुकीच्या जागी लावलेली असते. डब्याच्या मागं वर एक जागा बोर्डाची असते, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर खाली दुसरी, आडवी. कार्ड असेल तर वायर कार्डालाच लावायची. वर लावली तर बऱ्याच मशिन्सवर पडदा काळाच राहतो. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ अक्षर असलेले इंटेलचे प्रोसेसर तर स्वतः चित्र काढूच शकत नाहीत, त्यांना कार्ड लागतंच. मग मॉनिटरवरचं बटण दाबून इनपुट बघा. वायर एचडीएमआयची आणि मॉनिटर वाट बघतोय व्हीजीएची, हेही बघितलेलं आहे. माझ्या स्वतःच्या दुकानात. गिऱ्हाइकासमोर.

त्यानंतर पेनड्राइव्ह, प्रिंटर, टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामचं डोंगल, मोबाइल चार्जिंगची वायर, सगळं उपटा. फक्त कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर ठेवा. विसरलेला पेनड्राइव्ह फार त्रास देतो. मशीन डिस्क सोडून त्याच्यातच विंडोज शोधत बसतं आणि सापडलं नाही म्हणून तक्रार करतं. एकदा विश्रामबागेतून एकजण मशीन रिक्षात घालून घेऊन आले. मी पुढचा पेनड्राइव्ह काढून त्यांच्या हातात दिला आणि मशीन चालू झालं. पैसे घेतले नाहीत, पण रिक्षाचं भाडं गेलंच की त्यांचं.

झाकण उघडल्यावर

प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद केलेलं चालत नाही, कारण प्लग जोडलेला असला की बंद मशिनच्या बोर्डावरही ५ व्होल्ट उभे असतात. प्लग काढल्यावर पुढचं पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून धरा, साठलेली वीज उतरते. मग कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज तिथं जाईल. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत स्वेटर घालून रॅमला हात लावू नका. आणि काहीही काढण्याआधी मोबाइलवर आतला फोटो घ्या. कुठली वायर कुठं होती हे दहा मिनिटांनी कुणालाच आठवत नाही.

एसएमपीएस, म्हणजे मागच्या बाजूची वीज देणारी बंद पेटी, ती उघडायची नाही. प्लग काढल्यावरही तिच्यातले कपॅसिटर झटका देऊ शकतात. बाहेरून फुंका, पुसा, पण स्क्रूला हात नको.

हळदीची धूळ ओल्या फडक्यानं पुसू नका, लेप होतो. ती साध्या धुळीसारखी फुंकरीनंही उडत नाही, चिकटून बसते. कोरडा, मऊ, रंगकामाचा दीड इंची ब्रश घ्या आणि आधी ती सैल करा. ब्लोअर मारायचा असेल तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. ब्लोअरच्या वाऱ्यानं पंखा भन्नाट फिरताना बघायला मजा वाटते, पण त्याचं बेअरिंग जातं.

आता रॅम. काळ्या पडद्याच्या तक्रारीत माझा पहिला हात तिच्याकडेच जातो, आणि बऱ्याचदा दुसऱ्या कशाकडे जावंच लागत नाही. रॅमच्या पट्टीवरचे पिवळे दात आणि स्लॉटमधल्या स्प्रिंगा यांच्यामध्ये थोडासा मळ किंवा ओलसर हवेनं आलेला थर बसला की बोर्डाला रॅम दिसतच नाही. पावसाळ्यानंतर हे हमखास. दोन्ही बाजूच्या खिट्ट्या बाहेर ढकला, पट्टी सरळ वर उचला. शाळेतला पांढरा मऊ खोडरबर घ्या आणि दातांवरून दोन्ही बाजूंनी हळूच फिरवा. कागदावर पेन्सिल खोडताय एवढाच जोर. रबराचा भुगा कोरड्या ब्रशनं झाडा, स्लॉटमध्ये पडू देऊ नका. शाईचा खरबरीत खोडरबर नको. पॉलिश पेपर तर अजिबात नको. एका पठ्ठ्यानं पॉलिश पेपरनं रॅम घासून इतकी चकचकीत करून आणली होती की दातांवरचा सोन्याचा थरच गेलेला. ती रॅम अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, शिकायला येणाऱ्या पोरांना दाखवायला.

परत बसवताना पट्टीची खाच स्लॉटच्या उंचवट्याशी जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्यानं दाबा. 'खट्ट' आवाज आला पाहिजे. लोक इथं घाबरतात आणि अर्धवट दाबून सोडतात. बोर्ड थोडा वाकल्यासारखा वाटतो, वाटू दे. दोन पट्ट्या असतील तर एकच लावून बघा, मग दुसरी एकटी, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये. चार स्लॉट असतील तर सहसा प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा, हे दोन स्लॉट आधी वापरायचे असतात.

एक इशारा, कारण याच्यात मीही फसलेय. डीडीआर-फाइव्ह रॅमची नवी मशिन्स रॅम काढून लावल्यावर पहिल्यांदा चालू करताना बराच वेळ, कधी कधी काही मिनिटं, पडदा काळाच ठेवतात. बोर्ड रॅमशी सूर जुळवत असतो. मी अधीर होऊन मध्येच बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद, असा पाऊण तास घालवला. शेवटी चहा आला म्हणून मशीन तसंच सोडून उठले, आणि कप संपायच्या आत पडदा उजळला.

रॅमनं भागलं नाही तर प्रोसेसरजवळची वीज बघा. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात चार किंवा आठ पिनांचा एक वेगळा जोड असतो. मोठा २४ पिनांचा जोड सगळ्यांना दिसतो, हा कोपऱ्यातला विसरतो. हा निघालेला असला तरी पंखे फिरतात, लाइट लागते, आणि पडदा काळा. म्हणूनच 'पंखा फिरतोय म्हणजे वीज बरोबर आहे' हे धरून चालू नका. बोर्डाला १२, ५ आणि ३.३, असे तीन प्रकारचे व्होल्ट लागतात. पंखा १२ वर चालतो आणि ते थोडे कमी पडले तरी फिरत राहतो. बाकीच्या दोघांची बातमी तो देत नाही.

बोर्डावर बझर असेल तर त्याचं ऐका. शेंगदाण्याएवढा काळा तुकडा असतो, हल्ली कॅबिनेटबरोबर देत नाहीत, पण मिळतो अगदी स्वस्त. एक छोटी 'टिक' म्हणजे बहुतेक बोर्डांवर सगळं ठीक. लांब 'टीं... टीं...' थांबून थांबून येत राहिली तर बहुधा रॅम. एक लांब आणि दोन छोट्या, तर डिस्प्लेकडे बघा. हे ठोकताळे आहेत, बायोस, म्हणजे मशीन चालू करून देणारा बोर्डातलाच प्रोग्राम, बदलला की भाषा बदलते. आपल्या बोर्डाच्या पुस्तिकेत नेमकं असतं. नव्या बोर्डांवर बझरऐवजी चार बारीक लाइट असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जिच्यावर अडकलंय ती लाइट लागून राहते. दिवाणजींना मी सांगते, "बोर्डानंच हो सांगितलंय कुठवर आला, मला कशाला विचारताय?"

एवढं करूनही काळंच असेल तर बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एकच रॅम एवढं ठेवून बाकी सगळं काढा. कार्ड, डिस्क, डीव्हीडी, पुढच्या यूएसबीच्या वायरीसुद्धा. मात्र प्रोसेसर स्वतः चित्र काढणारा नसेल तर कार्ड राहू द्या. चालू झालं तर एकेक वस्तू परत लावत जा, प्रत्येक वेळी प्लग काढून. एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या की दोष कुणाचा होता ते कळत नाही, आणि मग आपण चांगल्या वस्तूचेही पैसे देऊन बसतो.

एसएमपीएसबद्दल थोडक्यात. मशीन तिसऱ्या-चौथ्या दाबेला चालू होत असेल, चिन्हापर्यंत येऊन धपकन बंद होत असेल, तर संशय तिच्यावर. मल्टिमीटर असेल तर चालू मशिनवर १२ ची वायर ११.४ ते १२.६ मध्ये आणि ५ ची ४.७५ ते ५.२५ मध्ये पाहिजे. पण सगळ्यात खरी चाचणी म्हणजे शेजारच्या दुकानातली चांगली एसएमपीएस दहा मिनिटं लावून बघणं. आणि जळका वास आला तर मशीन पुन्हा चालू करून 'एकदा बघू' म्हणायचं नाही. मागच्या उन्हाळ्यात एका एसएमपीएसच्या जाळीतून मला पालीची शेपटी दिसली. उरलेली पाल आत होती.

बोर्डावर उभ्या नळकांड्यासारखे कपॅसिटर असतात. त्यांची डोकी सपाट हवीत. फुगलेली, किंवा तपकिरी चिकट सांडलेली दिसली तर घरचं काम संपलं, दुकान गाठा.

ती नाण्याएवढी बॅटरी

याच्यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे लोक इथं विनाकारण घालवतात.

बोर्डावर एक चपटी गोल बॅटरी असते, सीआर २०३२. आकड्यातच तिचं माप आहे: २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. ३ व्होल्टची. मशीन बंद असताना घड्याळ ती चालवते, आणि जुन्या बोर्डांवर बायोसची मांडणीही तीच लक्षात ठेवते. मशिनला भिंतीतली वीज असते तेव्हा तिच्यावर भार नसतो. पण आपल्याकडे दुकान बंद करताना मेन स्विचच खाली पाडायची पद्धत. म्हणजे रोज रात्रभर, आणि रविवारी दिवसभर, सगळा भार बॅटरीवर. चार-पाच वर्षांत ती संपते.

संपली की काय होतं? एक, तारीख मागं जाते. दिवाणजी वैतागून रोज सकाळी तारीख दुरुस्त करतात आणि महिनाभर कुणाला सांगत नाहीत. दोन, बायोस आपली मांडणी विसरतो आणि कारखान्यातून आला तेव्हाच्या मांडणीवर जातो. आणि इथंच घोळ होतो.

बेदाण्याच्या एका व्यापाऱ्याचं मशीन माझ्याकडे आलं. दुसऱ्या कुणीतरी सांगितलं होतं, हार्डडिस्क गेली, नवी घाला, जुना डेटा विसरा. टॅलीत ११ वर्षांचे हिशेब. गृहस्थ बाकावर बसले ते मान खाली घालून. मी बायोस उघडला. तारीख जुनी. डिस्कचं नाव मात्र यादीत व्यवस्थित दिसत होतं. गेलेली डिस्क नाव कशाला सांगेल? बूटच्या यादीत ती नव्हती एवढंच. त्यांचं विंडोज जुन्या पद्धतीनं, म्हणजे लीगसीमध्ये टाकलेलं. बॅटरी संपल्यावर बायोस नव्या पद्धतीवर, नुसत्या यूईएफआयवर गेला, आणि नव्या पद्धतीत त्याला ती डिस्क चालू करण्याजोगी वाटेना. जुन्या पद्धतीला वाट देणारी सीएसएम नावाची ओळ चालू केली, बॅटरी बदलली, तारीख लावली. टॅली उघडली. गृहस्थ दहा मिनिटं काही बोलले नाहीत, मग तासगावचे बेदाणे दोन किलो पाठवून दिले.

असाच दुसरा घोळ साटाच्या, म्हणजे डिस्क बोर्डाला जिथं जोडतात त्या जोडाच्या, बायोसमधल्या मांडणीचा. तिथं एएचसीआय आणि रेड अशा दोन पद्धती असतात. विंडोज एकीत टाकलेलं आणि बायोस दुसरीवर गेला की गोल ठिपके फिरून निळा पडदा येतो, 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. पुन्हा पहिल्या पद्धतीवर आणलं की चालू. फॉरमॅट नको, नवी डिस्क नको.

म्हणून आज, मशीन धडधाकट असताना, बायोसमध्ये जा आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चालू होताना बऱ्याच मशिन्सवर डिलीट, डेलवर एफ-२, एचपीवर एफ-१०, लेनोव्होवर एफ-१ दाबत राहायचं. बाहेर पडताना काहीही सेव्ह करू नका.

बायोस मुद्दाम विसरायला लावायचा असेल, म्हणजे कुणी पोरानं त्यात उलटसुलट केलं असेल, तर प्लग काढून बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा. पण विंडोज ११ च्या नव्या मशिन्सवर थांबा. डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असू शकते, आणि बायोस बदलला की ती ४८ आकड्यांची किल्ली मागते. किल्ली बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात असते ज्यानं मशीन पहिल्यांदा चालू केलं. ते खातं पुण्याला गेलेल्या मुलाचं असेल तर आधी मुलाला फोन करा, मग बॅटरीला हात लावा.

डिस्क दिसतच नसेल तर

बायोसमध्ये डिस्कचं नावच नाही, तर केबल. साटाची लाल किंवा काळी चपटी केबल दोन्हीकडून काढून घट्ट लावा, बोर्डावरची दुसरी जागा बघा, केबलच बदलून बघा. एम-टू एसएसडी, म्हणजे केबलशिवाय थेट बोर्डावर बसणारी पट्टीसारखी डिस्क असेल तर तिचा एक बारका स्क्रू सैल झालेला असतो. जुनी फिरती डिस्क 'टक... टक... टक' करत असेल तर लगेच बंद करा. ती पुन्हा पुन्हा चालू करून बघणं म्हणजे ओरखड्यावर नखं मारणं. त्यातला डेटा हवा असेल तर तो काढून देणाऱ्यांकडेच न्या.

इथं पुराची गोष्ट सांगायलाच हवी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ असताना. गणपती पेठ, मारुती चौक, हरभट रोडकडची मशिन्स पाणी ओसरल्यावर चिखलासकट माझ्याकडे आली. ज्यांनी उन्हात वाळवून 'चालू होतंय का बघू' म्हणून बटण दाबलं, त्यांच्या डिस्क गेल्या. जुन्या डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, पाणी त्यातून आत जातं, आणि आतला गाळ फिरत्या चकतीवर घासतो. ज्यांनी हात न लावता आणल्या त्यातल्या काहींचा डेटा निघाला. पाण्यातून निघालेलं मशीन चालू करू नका, मग कितीही कोरडं दिसू दे.

आता विंडोज

इथवर गाडी आली असेल तर आधी आठवा: काल काय बदललं? अपडेट आला, नवा प्रिंटर लावला, अँटिव्हायरस टाकला? ठिपके फिरत असताना पॉवरचं बटण दाबून धरून दोन-तीनदा बंद केलंत की विंडोज आपणहून दुरुस्तीचं पान दाखवतं. त्यातलं स्टार्टअप रिपेअर एकदा चालवा. नाही जमलं तर तिथूनच शेवटचा अपडेट काढता येतो, किंवा सेफ मोडमध्ये जाऊन नवं टाकलेलं काढता येतं. नेहमीचं एफ-८ आता बहुतेक मशिन्सवर चालत नाही, दाबत बसू नका.

चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासणारा विंडोजचाच प्रोग्राम, मारायला सगळे सांगतात. डिस्क चांगली असेल तर मारा. पण ती आधीच हळू चालत होती, फायली उघडताना अडकत होती, तर चेकडिस्क तिला तासन्‌तास राबवतं, आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाते. अशा वेळी डिस्क काढून दुसऱ्या मशिनला लावा, डेटा काढून घ्या, मग काय ती दुरुस्ती. टॅलीप्राइमचा डेटा वेगळी जागा दिलेली नसेल तर सी ड्राइव्हमध्ये युजर्स, त्यात पब्लिक, त्यात टॅलीप्राइम, त्यात डेटा, असा सापडतो. डेस्कटॉपवरच्या फायली घ्यायला विसरू नका. दिवाणजींची निम्मी दुनिया तिथंच असते, 'न्यू फोल्डर २' नावाच्या फोल्डरमध्ये.

फॉरमॅट शेवटी. डेटा दुसरीकडे कॉपी झाला, आणि त्यातली एखादी फाइल खरंच उघडून बघितली, की मग.

दुकानात आणायची वेळ आलीच तर नुसता डबा आणा. मॉनिटर, वायरी, कीबोर्ड आमच्याकडे असतात. आणि कागदावर दोन ओळी लिहा: कुठवर येतो, आणि तुम्ही काय काय करून बघितलंत. खोटं लिहू नका. पॉलिश पेपर लावला असेल तर लावला म्हणून लिहा.

चालू झालं की लगेच झाकण लावायची घाई करू नका. अर्धा तास उघडंच चालू द्या, पंखे सगळे फिरतायत ना बघा. मग तीनदा पूर्ण बंद करून चालू करा. रात्री मेन स्विच पाडून घरी जा. सकाळी येऊन आधी तारीख बघा. ती बरोबर असेल तर झाकणाचे स्क्रू आवळा, आणि थ्री-बी भरून टाका.